तुकडा, चित्र आणि निदान

आपल्या भागात जुनी माणसे एक्स-रेला अजून ‘फोटो’ म्हणतात. ‘छातीचा फोटो काढला’, ‘पायाचा फोटो घेऊन या’ हे बोलणे इतके रुळले आहे की त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. सोनोग्राफी, सीटी स्कॅन, एमआरआय ही नावेही आता तोंडात बसली आहेत. बायोप्सीला मात्र घरात ‘तुकडा’ म्हणतात. ‘तुकडा काढायचा म्हणतात’ हे वाक्य उच्चारताना माणूस आवाज खाली आणतो, आणि त्या पाठोपाठ कोणीतरी वडीलधारे हमखास सांगते, ‘गाठीला सुई लावू देऊ नका, पसरते.’

फोटो निरुपद्रवी आणि तुकडा भयंकर, अशी ही वाटणी आहे. आज वैद्यकात असे म्हटले जाते की नव्या प्रतिमातंत्रामुळे पुष्कळ बायोप्सी टाळता येतील. हे ऐकून आपल्याला आनंद होणे साहजिक आहे. पण त्या आनंदाला किती आधार आहे, हे इतिहास पाहिल्यावाचून कळणार नाही. संतपूरच्या माणसाला हा प्रश्न पुस्तकी नाही. तुकडा काढायचा तर बिदरला जावे लागते. पुढे कलबुर्गी, हैदराबाद, लातूर किंवा बार्शी. अहवालासाठी थांबायचे, पुन्हा यायचे. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि दखनी, आणि हातातला अहवाल इंग्रजीत. एक बायोप्सी टळली तर किती गोष्टी टळतात, हे इथे वेगळे सांगायला नको.

तुकड्याचा अधिकार

रोग शरीरभर पसरलेल्या दोषांत नसून पेशींमध्ये असतो, हा विचार जर्मन वैद्य रुडॉल्फ विर्शो यांनी १८५८ साली आपल्या ग्रंथात ठामपणे मांडला. रोग पेशीत असेल तर तो ओळखायला पेशी पाहिली पाहिजे. तोवर ती पाहिली जाई ती बहुधा मृत शरीरात. जिवंत माणसाच्या अंगातून छोटा अंश काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्याला १८७९मध्ये फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ एर्नेस्त बेस्निए यांनी ‘बायोप्सी’ हे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ ‘जीवन’ आणि ‘दर्शन’. म्हणजे बायोप्सी या शब्दात कापणे नाहीच, पाहणे आहे. आपण मात्र त्यातले पाहणे सोडून दिले आणि तुकडा तेवढा ठेवला.

या नव्या पद्धतीची पहिली मोठी परीक्षा एका राजाच्या गळ्यावर झाली. १८८७च्या आरंभी जर्मनीचा युवराज फ्रीडरिश याचा आवाज बसला. बर्लिनच्या शल्यवैद्यांना कर्करोगाची शंका आली आणि त्यांनी शस्त्रक्रियेची तयारी केली. लंडनहून बोलावलेल्या मोरेल मॅकेन्झी यांनी सांगितले की आधी तुकडा तपासा. त्यांनी स्वरयंत्रातून काढलेला अंश खुद्द विर्शो यांच्याकडे गेला. त्यांना त्यात कर्करोग दिसला नाही. शस्त्रक्रिया रद्द झाली. नोव्हेंबरपर्यंत रोग स्पष्ट झाला होता. मार्च १८८८मध्ये युवराज सम्राट झाला, ९९ दिवस राज्य केले आणि १५ जूनला मरण पावला.

यावर जर्मनी आणि इंग्लंडच्या वैद्यांत बरीच वर्षे भांडण चालले. त्या भांडणात न शिरताही एक गोष्ट लक्षात येते. तुकडा खोटे बोलत नाही, पण तो फक्त आपल्यापुरतेच बोलतो. शेजारच्या दोन मिलिमीटरवर काय आहे, हे त्याला ठाऊक नसते. तुकडा कुठून काढायचा हे ठरवायला चांगली नजर लागते. पुढच्या शंभर वर्षांतल्या प्रतिमातंत्राने जे काम केले त्याची गरज इथेच दिसून आली होती.

मुंबईतले दुसरे खानोलकर

मराठी वाचकाला खानोलकर म्हटले की आरती प्रभू आठवतात. वैद्यकाच्या इतिहासात दुसरे खानोलकर आहेत: डॉ. वसंत रामजी खानोलकर. त्यांचा जन्म १८९५चा. क्ष-किरणांचा शोधही त्याच वर्षी नोव्हेंबरात लागला. लंडनमध्ये विकृतिशास्त्राची पदवी घेऊन ते मुंबईला परतले, ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि पुढे सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात त्यांनी शिकवले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळा आणि संशोधन त्यांच्याकडे आले. १९५२मध्ये निघालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची धुरा त्यांनीच वाहिली.

खानोलकरांचे वैशिष्ट्य असे की काचपट्टीवरच्या पेशी पाहताना ज्याच्या त्या पेशी आहेत तो माणूस त्यांच्या नजरेआड झाला नाही. तो काय खातो, काय चघळतो, धोतर कसे नेसतो, हे त्यांनी विचारले. कमरेला घट्ट आवळलेल्या धोतराच्या घर्षणाने वर्षानुवर्षांनी तिथल्या त्वचेत होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन त्यांनी आणि सूर्याबाई यांनी १९४५मध्ये केले. वैद्यकीय वाङ्मयात ‘धोती कॅन्सर’ हे नाव रूढ झाले. तंबाखू आणि तोंडाचा कर्करोग यांचे नाते उलगडण्याच्या कामातही भारतात ते अग्रभागी होते. त्यांच्या हाताखाली एक पिढी तयार झाली आणि ‘तुकडा बघितल्याशिवाय उपचार नाही’ ही शिस्त या देशात रुजली. त्याआधी गाठ हाताला लागली की अंदाजाने कापली जाई. हे लक्षात घेतले म्हणजे समजते की तुकडा आला तो रुग्णाच्या संरक्षणासाठी. ज्याला कर्करोग नाही त्याचे स्तन, जबडा किंवा गर्भाशय उगाच काढले जाऊ नये, हा त्याचा पहिला हेतू.

सुई आणि अफवा

तुकडा लहान करण्याचा प्रयत्नही जुना आहे. १९३०मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयातल्या मार्टिन आणि एलिस यांनी सुईने गाठीतल्या पेशी ओढून तपासण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पुढे स्कँडिनेव्हियातल्या वैद्यांनी बारीक सुई वापरून ती घडवली. आज तालुक्याच्या ठिकाणीही मानेच्या किंवा स्तनाच्या गाठीची जी ‘सुई-तपासणी’ होते, ती हीच.

सुईने रोग पसरतो का? सुईच्या वाटेने पेशी सांडणे अशक्य नाही. पण ते फार क्वचित घडते, आणि जिथे धोका खरा आहे तिथे वैद्य स्वतःच सुई टाळतात. वृषणाच्या संशयित गाठीला म्हणूनच सुई लावत नाहीत. मग ही समजूत इतकी घट्ट का? माझ्या मते तिचे मूळ उशिरात आहे. माणूस गाठ घेऊन वर्षभर घरी बसतो, लेप लावतो, देवाला जातो. अगदी असह्य झाल्यावर दवाखान्यात येतो. तुकडा काढला जातो आणि दोन-तीन महिन्यांत तो जातो. गावाला दोनच गोष्टी दिसतात: तुकडा आणि मरण. मधले वर्ष कोणाच्या हिशेबात येत नाही.

छायेपासून पुराव्यापर्यंत

आता चित्राकडे वळू. क्ष-किरणांनी हाड दाखवले, छातीतली सावली दाखवली. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळच्या अ‍ॅटकिन्सन मोर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हौन्सफिल्ड यांच्या यंत्राने जिवंत माणसाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन झाला. १९७३मध्ये पॉल लॉटरबर यांनी चुंबकीय अनुनादातून चित्र उभे करून दाखवले आणि एमआरआयची वाट उघडली. सोनोग्राफी त्याच काळात प्रसूतिगृहात पोचत होती. ही सारी यंत्रे ‘कुठे’ आणि ‘केवढे’ हे सांगत. ‘काय’ हे सांगायला तुकडाच लागे.

हा नियम पहिल्यांदा यकृताने मोडला. यकृताची बायोप्सी धोक्याची. इटलीच्या मेंघिनी यांनी १९५८मध्ये ती एका सेकंदात करण्याची सुई काढली, तरी रक्तस्रावाची भीती राहिलीच. शिवाय सुईत येणारा अंश साऱ्या यकृताच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढा. एवढ्यावरून सगळ्या यकृताचा निवाडा करायचा. २००३च्या सुमारास फ्रान्समध्ये एक यंत्र तयार झाले. ते बरगड्यांवर हलका ठोका देते आणि ती लहर यकृतातून किती वेगाने जाते हे मोजते. निबर झालेल्या यकृतात लहर वेगाने जाते. कलिंगड घेताना आपण टिचकी मारून पाहतो, त्याच जातीची ही युक्ती. या तपासणीने यकृताच्या असंख्य बायोप्सी थांबल्या. त्याच सुमारास यकृततज्ज्ञांनी आणखी एक पाऊल टाकले: सिऱ्होसिस झालेल्या यकृतात एखादी गाठ शिरेतून दिलेले औषध आधी झपाट्याने शोषून नंतर लवकर सोडताना स्कॅनमध्ये दिसली, तर तुकडा न काढताही तिला कर्करोग म्हणता येते. चित्रावरून कर्करोगाचे निदान मान्य होणे ही वैद्यकातली लहान गोष्ट नव्हती.

दुसरे उदाहरण पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीचे. रक्ततपासणीत आकडा वाढला की ग्रंथीत दहा-बारा सुया टोचायच्या, ही रीत होती. त्या सुया अंदाजाने जात. ब्रिटनमधल्या ५७६ पुरुषांवरचा एक अभ्यास २०१७मध्ये प्रसिद्ध झाला. आधी एमआरआय केला तर चारांतल्या एकाहून थोड्या अधिक, म्हणजे २७ टक्के पुरुषांची बायोप्सी टळू शकते, असे त्यात आढळले. जुन्या पद्धतीची बायोप्सी घातक रोगांपैकी ४८ टक्केच पकडत होती. एमआरआय ९३ टक्के. पुढच्याच वर्षी ५०० पुरुषांवरच्या दुसऱ्या अभ्यासातही एमआरआयच्या गटात २८ टक्के पुरुषांना सुई लावावी लागली नाही, आणि घातक रोग मात्र अधिक सापडला.

इथे थोडे थांबून विचार करावा असे आहे. एमआरआय खरे बोलते हे त्या वैद्यांना कशावरून कळले? त्या ५७६ जणांनी एमआरआयनंतर ग्रंथीभर जवळजवळ सुया टोचून घेतल्या म्हणून. म्हणजे पुढच्यांची बायोप्सी टळावी यासाठी या माणसांनी नेहमीहून कितीतरी अधिक बायोप्सी सोसल्या. चित्र वाचायला शिकलेल्या प्रत्येक यंत्राच्या, आणि आज ज्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा बोलबाला आहे तिच्याही, मागे असे तुकड्यांचे ढीग आहेत. यंत्राला ‘हे कर्करोगाचे चित्र’ असे शिकवायचे तर ते आधी तुकड्याने सिद्ध झालेले असावे लागते.

आपल्या शेजारचा प्रयोग

हे झाले दूरदेशीचे. पण पाहण्याच्या बळावर रोग गाठण्याचा जगातला एक मोठा प्रयोग आपल्या शेजारी झाला, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. १९५६पर्यंत बिदर आणि उस्मानाबाद हे दोन्ही जिल्हे हैदराबाद राज्यातले. राज्यपुनर्रचनेत उदगीर, निलंगा, अहमदपूर मराठवाड्याबरोबर गेले. औराद, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. शेत, पीक आणि सोयरिकी मात्र दोन्हीकडे सारख्याच राहिल्या. त्यामुळे उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, बाईविषयी जे कळले ते औरादच्या बाईविषयीही बरेचसे खरे आहे.

बार्शीला १९८२पासून नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे. १९८७मध्ये बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या ३४६ गावांसाठी तिथे कर्करोगाची नोंदवही सुरू झाली. ग्रामीण भागासाठी भारतातली ही पहिली. त्या नोंदवहीने जे दाखवले त्यात बायकांमधला गर्भाशयमुखाचा कर्करोग ठळक होता, आणि बायका उशिरा येत होत्या. बार्शीचे डॉ. बी. एम. नेने आणि त्यांचे सहकारी, टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून १९९९पासून उस्मानाबाद जिल्ह्यात काम उभे केले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, गावांचे ५२ समूह, चार गट. एका गटाची विषाणूची म्हणजे एचपीव्ही चाचणी, दुसऱ्याची पॅप तपासणी, तिसऱ्याची नुसत्या डोळ्यांनी पाहणी. चौथा गट तुलनेसाठी, ज्याला नेहमीच्या सोयींखेरीज वेगळी तपासणी नव्हती.

डोळ्यांच्या पाहणीची रीत साधी आहे. सौम्य अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, म्हणजे व्हिनेगरच, गर्भाशयमुखाला लावायचे आणि मिनिटभर थांबायचे. बिघडलेला भाग पांढरा पडतो. प्रयोगशाळा नको, अहवालाची वाट नको. पांढरा डाग दिसला तर कॉल्पोस्कोप या भिंगाच्या साधनाने पाहायचे आणि गरज पडली तरच नेमका तिथलाच तुकडा घ्यायचा.

२००९मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ते अनेकांच्या अपेक्षेसारखे नव्हते. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणले: त्या गटात ३४, तुलनेच्या गटात ६४. पॅप आणि डोळ्यांची पाहणी यांनी मृत्यूंत म्हणण्याजोगी घट दिसली नाही. पण मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलच्याच डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी सुमारे दीड लाख स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात, दहावीपर्यंत शिकलेल्या आरोग्यसेविकांनी हीच पाहणी दर दोन वर्षांनी अशी चार वेळा केली, तेव्हा या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. दोन निष्कर्ष शेजारी ठेवले की एक शक्यता पुढे येते: एकदा पाहून जे निसटते ते पुन्हा पुन्हा पाहून हाती लागते. या दोन्ही अभ्यासांत तुलनेच्या गटातल्या बायकांना तपासणीविना ठेवणे योग्य होते का, यावर पुढे तीव्र वाद झाला. तो वाद अस्थानी नव्हता. ज्या बायकांच्या जिवावर हे ज्ञान उभे राहिले त्यांचे ऋण सांगताना तोही सांगितला पाहिजे.

या ज्ञानाचा उपयोग झाला. २०१६मध्ये केंद्र सरकारने तीस वर्षांवरील लोकांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या तपासणीचा आराखडा काढला. तिथे तोंड डोळ्यांनी, स्तन हाताने आणि गर्भाशयमुख व्हिनेगरने पाहायचे ठरले. कागदावर ही सोय आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत आहे. ती मागून घेणे आपल्या हाती आहे.

चित्राची दुसरी बाजू

चित्र तुकडा टाळते हे खरे, तसे ते तुकडे वाढवतेही. दक्षिण कोरियात आरोग्यतपासणीबरोबर गळ्याची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली. २०११ साली थायरॉईड कर्करोगाचे निदान १९९३च्या पंधरापट झाले. त्या रोगाने मरणाऱ्यांची संख्या होती तिथेच राहिली. म्हणजे जे कधी त्रास देणार नव्हते असे ठिपके यंत्राने शोधले, त्यांना सुया लागल्या आणि हजारो लोकांचे गळे कापले गेले. आपल्या शहरांतून ‘फुल बॉडी चेकअप’च्या जाहिराती वाढत असताना हे उदाहरण विसरू नये.

आपल्याकडे चित्राने आणखी एक पाप केले. सोनोग्राफीचा उपयोग पोटातली मुलगी शोधून मारण्यासाठी झाला. महाराष्ट्राने १९८८मध्ये आणि देशाने १९९४मध्ये त्याविरुद्ध कायदा केला. त्यामुळे आज सोनोग्राफीचे यंत्र नोंदणीविना कोणालाही कुठेही नेता येत नाही. ही बंधने हवीतच. पण खेड्यात यंत्र सहज का पोचत नाही याचे एक कारण आपल्याच समाजाने घडवले आहे, हेही मान्य करावे.

रामन यांचा प्रकाश

२८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांनी दाखवले की पदार्थावर पडून विखुरलेल्या प्रकाशाचा थोडा अंश रंग बदलतो, आणि तो बदल पदार्थातल्या रेणूंची ओळख सांगतो. नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियलचे ‘अ‍ॅक्ट्रेक’ हे संशोधन केंद्र आहे. तिथे डॉ. मुरली कृष्ण यांच्या प्रयोगशाळेने हाच परिणाम तोंडाच्या कर्करोगासाठी वापरून पाहिला: गालाच्या आतल्या बाजूला प्रकाशाची बारीक नळी टेकवायची आणि परतलेल्या प्रकाशावरून निरोगी, बिघडू पाहणारा आणि कर्करोगी भाग वेगळा ओळखायचा. तंबाखू आणि गुटख्याने पोखरलेल्या आपल्या भागाला याहून उपयोगी तंत्र कोणते? पण हे तंत्र अजून संशोधनाच्या टप्प्यावरचे आहे. रोजच्या दवाखान्यात तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्याचा शेवटचा निकाल आजही तुकडाच देतो.

आणि तुकड्याकडे आज पूर्वीपेक्षा अधिक काम आहे. स्तनाच्या कर्करोगात कोणते औषध लागू पडेल हे पेशींवरच्या खुणा ठरवतात. १९९८पासून वापरात आलेले ट्रास्टुझुमॅब कोणाला द्यायचे, हे कोणताही स्कॅन सांगत नाही.

तेव्हा वाचकहो, चित्र तुकड्याला हद्दपार करील असे इतिहास सांगत नाही. निरर्थक तुकडे ते कमी करील, उरलेले नेमक्या जागी नेईल. दवाखान्यात बसलेल्या माणसाने म्हणून डॉक्टरांना दोन प्रश्न विचारावेत: ‘तुकड्याआधी एखादे चित्र काढून काम भागेल का?’ आणि ‘तुकड्याच्या निकालाने उपचार बदलणार आहेत का?’ पहिल्याचे उत्तर ‘नाही’ आणि दुसऱ्याचे ‘हो’ असे आले, तर सुईला घाबरून घरी परतू नये. तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, स्तनात गाठ लागली किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसले, तर लेपात आणि सल्ल्यांत वर्ष घालवू नये. गावाच्या हिशेबात जे मधले वर्ष धरले जात नाही, माणसे त्या वर्षातच हातची जातात.